डोक्याकडचा माणूस

घणसोलीच्या जत्रेतला उपांत्य सामना,
चढाईची शेवटची आठ सेकंदं,
यतीन मढवी डाव्या कोपऱ्यात.
त्याला मीच शिकवलं होतं :
डोकं खाली घाल आणि घूस.
पाच वर्षं, रोज संध्याकाळी,
खाडीकडच्या मैदानावर, हेच.

त्यानं डोकं खाली घातलं.
समोरच्याचा गुडघा टाळूवर बसला.
आवाज काही मोठा झाला नाही,
शहाळं जमिनीवर टेकवावं तेवढाच.

सगळे उठले. तो उठला नाही.

मग मॅटवर बूट-चपलांसकट माणसं.
कुणी कांदा फोडला, कुणी बाटली उघडली,
बसवा त्याला, म्हणाले, पाठीवर थाप मारा,
उचला रं, रिक्षात घाला.
मी त्याच्या डोक्याशी पालथा पडलो,
कोपरं मॅटवर रोवली,
दोन्ही तळव्यांत त्याचे कान धरले
आणि ओरडलो : हात लावायचा नाही कुणी!

वाशीच्या शिबिरात दोन दिवस शिकवलं होतं हे.
दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी सटकलो होतो.
त्यामुळे एवढंच येत होतं मला :
धरायचं, आणि सोडायचं नाही.

उलटा चेहरा मी इतका वेळ कधी पाहिला नव्हता.
हनुवटी वर, भुवया खाली,
ओळखीचं पोर अनोळखी.
“सर, कुणी पट धरलाय का माझा?”
कुणीच धरला नव्हता.

बाप आला, टेम्पो रस्त्यात तसाच टाकून.
“सोर मास्तर, माजा पोर हाय.”
“तुझाच हाय, म्हणून नाय सोडत, दादूस.”
तो मारेल मला असं वाटलं.
तो बोनस रेषेवर बसला
आणि पोराचा अंगठा धरून ठेवला,
पोराला न कळणारा.

रुग्णवाहिका रबाळ्याला अडकली होती म्हणे.
यतीनच्या कपाळावर डास बसला.
फुगत गेला. माझे हात गुंतलेले.
मी फुंकर मारली.
“हे कळलं,” तो म्हणाला.

पाच वर्षं बजावत आलो, दम तोडू नको.
आता त्याच्या छातीवर नजर लावून
म्हणत होतो,
घे. सोड. परत घे.

सत्तावीस मिनिटांनी ती आली.
बोटं माझी राहिली नव्हती.
पट्टा, फळी, चार जण ओळीत,
आणि ती निळ्या कपड्यांतली मुलगी म्हणाली,
“डोक्याकडे तुम्ही, तर मोजणारही तुम्हीच. तीनला वळवू.”
जन्मभर शिट्ट्या फुंकलेला माझा घसा :
एक. दोन.
तीन यायला फार वेळ लागला.

नेरूळला डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडाला लावली.
पाचवा, सहावा.
मान वाकली की मणक्यांची कमान सरळ होते,
मग धक्का मुरायला जागाच राहत नाही, म्हणाले.
“डोकं खाली घालून घुसायचं, हे
शिकवतं का कुणी या मुलांना?”
त्यांना नुसतंच नवल वाटलं होतं.
मी फिल्मच बघत राहिलो.

आता पोरं छाती वर ठेवून पकडतात, डोळे समोर.
पहिल्या आठवड्यात मॅटला कुणी शिवतच नाही,
जोड्या करून एकमेकांची डोकी धरून बसतात.
हसतात. हसू देतो.
दहाव्या मिनिटाला हसणं थांबतं.

यतीन आठ महिन्यांनी काठी घेऊन आला.
गुणफलकाच्या टेबलाशी बसतो,
पेन मुठीत धरतो, चमचा धरावा तसं.
बारकी पोरं विचारतात, “दादा, परत कधी खेळणार?”
नाही म्हणायला त्याला मान हलवता येत नाही,
तिथं आता प्लेट आहे.
खांद्यांसकट अख्खा वळतो,
आधी डावीकडे, मग उजवीकडे,
अजून कोपरा राखत असल्यासारखा.

परवा वही मिटताना म्हणाला,
“सर, त्या पकडीचा गुण कुणाला दिला हो?
मी धरला होता त्याला.”

पंच राहतो तळवलीला, चालत दहा मिनिटं.
मी अजून गेलेलो नाही.